शनिवारचा शिक्का

बाबा,

काल वरून एक कागद आला. खेड्यांतली डाक आठवड्यातून तीनच दिवस वाटली तर खर्च वाचेल का, यावर सौंसरच्या डाकघराचं मत मागितलं आहे. म्हणजे माझं. ज्या टेबलासमोर तुम्ही टोपी हातात घेऊन उभे राहायचात, त्याच्या मागे आता मी बसते. आपल्या गावची डाक वाटणारी बाई कागद वाचून हसली. म्हणाली, "मॅडम, पगार तोच, चिठ्ठ्या तेवढ्याच. वाचंल तं माह्या गाडीचं पेट्रोल!"

मला तुमचा तो संत्र्याचा हंगाम आठवला. गुडघा धरला होता, म्हणून तुम्ही मनानेच डाक एक दिवसाआड वाटायला लागलात. थैला रोज येई. आलेल्या पत्रांच्या पाठीवर तुम्ही तारखेचा शिक्का मारायचात आणि न पाहताच गठ्ठा बांधून ठेवायचात. "दोन फेऱ्यांचं काम एकीत होते. सायकल वाचते, गुडघाबी," म्हणायचात. पण दुसऱ्या दिवशी थैला दुप्पट, माणसं बगीच्यांत, आणि तुम्ही त्यांना झाडाझाडांखाली शोधताय. फेरी नसे त्या दिवशी लोक घरीच येत, "माही चिठ्ठी आली का, भाऊ?" आई चुलीवर पुन्हा चहाचं आधण ठेवते, तुमच्याकडे न बघता म्हणते, "तुमची बचत पिऊन राहिले सारे."

त्या सोमवारी तुम्ही दिवेलागणीला आलात. आधी गावाची डाक, मग घरची, हा तुमचा नेम. थैल्याच्या तळातून माझं पाकीट निघालं. डाकखात्यातल्या नोकरीचं बोलावणं, छिंदवाड्याला, दुसऱ्याच दिवशी सकाळी. तुम्ही एवढंच म्हणालात, "उशिरा आली वं पोरी." पहाटे मला सायकलवर डबल सीट घेऊन सौंसरच्या स्टँडवर आणलंत, पहिल्या बसमध्ये बसवलंत. गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्या दिवसानंतर निवृत्तीपर्यंत तुम्ही एकही वाटप चुकवलं नाही. पाय मारवेना तेव्हा सायकल हातात धरून चालत गेलात. एकाच पोस्टकार्डासाठीसुद्धा.

आज मत लिहून पाठवलं. लिहिलं, की वाटणारीच्या गाडीचं पेट्रोल तेवढं वाचेल. बाकीचा खर्च कुठे जात नाही, तो खिडकीवरच्या रांगेत आणि लोकांच्या बसभाड्यात जाऊन बसतो. खाली सही केली. तुमचंच आडनाव आहे, बाबा. सही जरा मोठीच झाली.

एक गोष्ट मात्र त्यात लिहिली नाही. बसमध्ये मी पाकीट उलटून पाहिलं होतं. शिक्का शनिवारचा होता. पुढे रोज सकाळी तुम्ही लंगडत निघायचात, तेव्हा वाटायचं, सांगून टाकावं, मला ठाऊक आहे, राग नाही, आज बसा घरी. नाही सांगितलं. तुम्हाला असं रोज जाताना पाहायला मला फार आवडायचं.