भेटीच्या दिवशी अर्धी

४ मार्च
वृद्धाश्रमाच्या चादरी धुणारी बाई आज ऑफिसात आली. पिशवीतून तिसरं पाकीट काढलं. आतल्या कुणीतरी छापील अक्षरांत लिहिलेलं – ‘सहाला गोळी देतात. सातला सगळा मजला झोपलेला. भेटीच्या दिवशी अर्धीच, म्हणजे घरच्यांना कळत नाही.’ सोबत गोळीचं वेष्टण.

कोणी दिलं ते विचारलं नाही. मजकूर पडताळायचा, माणूस उकरायचा नाही – नव्यांना मीच शिकवते! डॉक्टरांना वेष्टण दाखवलं. ‘म्हाताऱ्यांना रोज? वेड लागलंय का?’

बातमी पक्की आहे. पण बाबा तिथेच आहेत.

७ मार्च
भेट. मेट्रन नेहमीसारखी खुर्ची ओढून शेजारी. मागे एकदा बाबा म्हणाले होते, ‘इथली झोप माझी नाही.’ मी म्हटलं होतं, वयामुळे वाटतं तसं. आज तो विषयच नाही. ‘सध्या काय लिहितेस?’

‘किरकोळ.’

‘किरकोळही छापून यायला हवं,’ म्हणाले. मेट्रन हसली.

९ मार्च
दादाचा फोन. ‘आत्ता छापलंस तर राग बाबांवर निघेल. आधी दुसरी जागा मिळू दे.’ त्याच्याकडे तीन जिने, माझ्याकडे दिवसभर कुलूप. बाबांना घरी न ठेवण्याची कारणं दोघांची तोंडपाठ आहेत.

संपादकांना सांगितलं, अजून एक पुरावा हवा. स्वतःची बातमी स्वतःच दाबून ठेवली – वीस वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटते.

१२ मार्च
चौथं पाकीट. अक्षर वाकडंतिकडं. एकच ओळ – ‘मिळतंय ना?’

धुणाऱ्या बाईकडे निरोप दिला – ‘थोडं थांबा म्हणावं.’

१४ मार्च
भेट. निघताना बाबा हात सोडेनात.

१८ मार्च
संपादक – ‘तुझा पुरावा पायी येतोय का?’ सगळे हसले. मीही.

२१ मार्च
आठवडाभर पाकीट नाही. बाबा खुर्चीतच पेंगत होते. मला ओळखायला वेळ लागला. मेट्रन म्हणाली, ‘वय झालं आता.’ आणि मी मान डोलावली!

२६ मार्च
जागा मिळाली! रविवारी बाबांना हलवायचं, सोमवारी बातमी. सुटले एकदाची.

२८ मार्च
बाबांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. मान वर होत नव्हती. मी हाक मारली तर दादाकडे बघितलं.

त्यांचं कपाट मी आवरलं. स्वेटरखाली माझ्या बातम्यांची कात्रणं. त्यांच्याखाली पेन्सिलीने लिहिलेले कच्चे कागद, छापील अक्षरांत. शेवटचा पाठवायचा राहिलेला – ‘थांबतो. पण फार नाही जमणार.’