पेटी हलवण्याबाबत

मंगळवार, ४ मार्च

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्षात मी तो घालणार नाही, पण आईने कागदात डोकावून "नीट लिही, मोठा आहे तो" असं बजावलंय, म्हणून कागदावर घातला आहे. इकडे सर्व क्षेम. बाबांचा गुडघा दुखतो, आईचं डोकं दुखतं, आणि कारण विचारलं की दोघांचंही बोट माझ्याकडे वळतं. तुझं बरं चाललं असणार. तुझं नेहमीच बरं चालतं.

खरं तर फोनच करायचा. पण फोनवर तू "हां, हां, बोल" म्हणत दुसऱ्याच कुणाला काहीतरी टाइप करत असतोस, ती टकटक मला ऐकू येते. पत्र निदान मधेच कापता येत नाही.

कारण एकच आहे. ती शेजारची मुलगी तुझी मधमाश्यांची पेटी मागते आहे. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. रविवारी सकाळी ती निघणार. तिकडे मिळालेल्या घराला मागे अंगण आहे, तिथे पेटी ठेवायची म्हणते. पेटी तुझी, म्हणून तुला विचारायचं. देऊ की नको, शनिवारपर्यंत कळव. नको म्हणालास तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. खरं सांगायचं तर नकोच म्हण. पेटी राहिली तर तिला कधीतरी परत यावं लागेल, पेटी गेली की या अंगणात तिचं काही उरत नाही.

तसा हा तुझा कितवा छंद होता रे? गिटारीच्या तारा गंजल्या. दुर्बिणीतून तू एकदा चंद्र पाहिलास, आणि नंतर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली पँट. काचेच्या टाकीतले मासे मेले, ते मी पुरले, तू "अरेरे" म्हणालास. मग मधमाश्या. पांढरा पोशाख, जाळीची टोपी, कोपरापर्यंत हातमोजे. चंद्रावर निघालेला माणूस लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन परत यायचा. फोटो चांगले आले, हे मान्य. एका फोटोत ती तुझ्या मागे उभी आहे, टोपीशिवाय. टोपी एकच होती आणि ती तुझ्या डोक्यावर होती.

नोकरीसाठी गेलास तेव्हा तिला सांगून गेलास, "दोनच महिने, तोवर माश्यांकडे बघ." ती बघत राहिली. दोन महिन्यांचं तू काय केलंस ते तुझं तुला ठाऊक.

मी कॉलेज का सोडलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेत सरांशी भांडण. भांडण झालं, खोटं नाही. त्यांनी मला वर्गासमोर गाढव म्हटलं, मी त्यांना तेच परत केलं. पण तेवढ्यावरून कॉलेज सोडायचं ठरवलं तर अर्धा वर्ग रिकामा होईल. त्याच आठवड्यात आई फोनवर सहज बोलून गेली होती, "ती बिचारी रोज सकाळी येते बघ, दादाच्या पेटीपाशी बसते." एवढंच लिहितो. तू हुशार आहेस, असं बाबा म्हणतात.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, मलाही शिकव.

"तुला?" ती हसली. "तुझा राग माझ्याआधी माश्यांना कळेल."

कळलाच. तापट माणसाचे हात झटके देतात, आणि माशीला झटका आवडत नाही. माझा एक कान सुजला, मग दुसरा सुजला, म्हणजे निदान जोडी जमली. ती मात्र पेटीचं झाकण असं काढायची की जणू झोपलेल्या बाळावरचं पांघरूण सारतेय. भात्यातून दोन फुंकर धूर, मग थोडं थांबायचं. पोळ्याची चौकट सरळ वर उचलायची, उन्हाकडे धरायची, राणी शोधायची, अंडी दिसली की राणी नाही दिसली तरी चालतं, पुन्हा तशीच सरळ खाली. थांबणं मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. कॉलेजात तर नाहीच.

तिने मला हौशी मधमाशीवाल्यांच्या मंडळातही नेलं. काय लोक आहेत! सगळे निवृत्त. सुनेच्या कागाळ्या सांगाव्यात तशा आपापल्या राणीमाशीच्या कागाळ्या सांगतात. एक गृहस्थ मधाची बाटली घेऊन सगळ्यांभोवती फिरत होते, "चाखून बघा, यात निलगिरीची चव लागते की नाही?" त्यांनी स्वतःचंच बोट बुडवून पुढे केलं. मला बोटाची लागली. त्यांना वाटतं आपण निसर्ग वाचवतोय. अरे, निसर्ग तुम्हाला कंटाळून पळेल! पण ती पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारत होती आणि मला तिच्या मानेवरचे सुटलेले केस दिसत होते, त्यामुळे मी शेवटपर्यंत बसलो. पुढच्या वेळीही गेलो.

आई अजून कौतुकाने तिला "आमची सून" म्हणते. मी तिला वहिनी कधीच म्हटलं नाही. थट्टेतसुद्धा नाही. आठवून बघ. तिने मात्र एकदा झाकण हातात धरून मला म्हटलं, "अहो भाऊजी, तो भाता द्या जरा." मी भाता दिला. दुसरं काय देणार होतो?

मग मागच्या महिन्यात तुझा तो फोन. "माझं इकडे वेगळं ठरतंय. तिला तूच जरा समजावून सांग, तुझं जमतं तिच्याशी." नाही सांगितलं. तुझा हमाल नाही मी. शिवाय सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं फाटक वाजलं नसतं.

आता पेटीचं. गेल्या आठवड्यात डॉक्टरकाकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, माशी चावली. दातांचे डॉक्टर, आणि चावली खालच्या ओठाला. ओठाचा टोमॅटो झाला. दिवसभर पेशंट यांच्याच तोंडाकडे बघत बसले. संध्याकाळी ते कुंपणावरून ओरडले, "एक भाऊ माझ्या मुलीला टाकून गेला, दुसरा कॉलेज टाकून आला! निदान ही पेटी तरी हलवा माझ्या खिडकीसमोरून!"

मी काय ऐकून घेणार? दुसऱ्या दिवशी उजाडताच, माश्या बाहेर पडायच्या आत, पेटीच्या तोंडात चिंधी कोंबली, एकट्याने उचलली आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. चिंधी काढली. जागा झकास होती. सावली, वारा नाही. शिवाय टाकीमागे दोन माणसं उभी राहिली तर डॉक्टरांच्या खिडकीतून दिसत नाहीत. हे कारण पहिलं धर, डॉक्टरांचा ओठ दुसरं.

दुपारी लिंबाखालून आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर पेटी जिथे होती त्या रिकाम्या विटांवर माश्याच माश्या. येत होत्या, घिरट्या घालत होत्या, विटांवर बसत होत्या. पायांना पराग तसाच चिकटलेला. घर तिथून दिसेल इतकं जवळ, आणि एकही तिकडे जाईना. मी हातवारे केले, "तिकडे, तिकडे" म्हणून. हसू नकोस.

त्या दिवशी ती सकाळी नाही, संध्याकाळी आली. "पेटी कुठे आहे?"

"हलवली."

"कुठे?"

मी टाकीकडे बोट केलं. ती टाकीकडे न जाता विटांपाशी वाकली.

"मूर्खा, त्या घर नाही लक्षात ठेवत, जागा लक्षात ठेवतात! हलवायची तर रोज वीतभर हलवायची. नाहीतर एकदम लांब न्यायची, ओळखीचं एक झाड दिसणार नाही इतकी. मधलं नाही चालत त्यांना."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"विचारलंस का?"

आम्ही पेटी परत आणली. एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. तिचे डोळे भरलेले होते आणि मला वाटलं हे सगळं तुझ्यासाठी आहे, माश्यांचं निमित्त. माझं डोकं फिरलं. अर्ध्या वाटेत बोलून टाकलं, "तो यायचा नाही. त्याचं तिकडे ठरतंय."

"माहितेय."

"कधीपासून?"

"तुला कळलं त्याच्या आधीपासून. तुझी बाजू खाली जातेय, वर धर."

"मग रोज येतेस कशाला?"

"माश्या आहेत म्हणून."

"आणि मी?"

ती थांबली. पेटी दोघांच्या मधे लटकत होती, आत गुणगुण चाललेली. "नाही रे," ती म्हणाली.

त्या "रे"मध्ये इतकी माया होती की त्यापेक्षा थोबाडीत बरी.

पेटी विटांवर ठेवली, माश्या ओळीने आत गेल्या. मग तिने नोकरीचं सांगितलं आणि म्हणाली, "पेटी न्यायची आहे मला. पण त्याची आहे, त्याला विचार. माझे फोन तो उचलत नाही." म्हणून हे पत्र. शनिवारपर्यंत. एक शब्द पुरेल, तुला खर्च नको.

कळावे,
तुझ्या पेटीचा राखणदार


सोमवार, १० मार्च

दादा,

तुझं उत्तर शनिवारी पोचलं. चार पानांच्या पत्राला मोबाइलवर एक ओळ. "राहू दे तिथेच, मी आलो की बघू, सध्या जाम बिझी." आणि पुढे वर केलेला अंगठा. अंगठा कशाला, हे मी बराच वेळ विचार करत होतो. कुणाची पाठ थोपटलीस? माझी? माश्यांची?

मला हेच हवं होतं, हे मी आधीच्या पत्रात लिहून बसलोय. नकार आला, पेटी राहिली. फक्त लिंबाखाली जाऊन तिला तुझी ओळ वाचून दाखवायची होती.

तिने पेटी आधीच बांधून ठेवली होती. दोऱ्या आवळलेल्या, तोंडावर ठोकायला बारीक जाळी तयार. तू हो म्हणशीलच, अशी तिची खात्री होती. तुझ्याबद्दल असली खात्री बाळगणारं माणूस या घरात तरी दुसरं नाही, आईसुद्धा नाही. तिने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "हो म्हणाला. लगेच म्हणाला. पेटी तिचीच आहे, तिनेच सांभाळली, असं म्हणाला."

"असं म्हणाला?"

"आणि माफी मागितलीय तुझी. समोर येऊन मागायला हवी होती, तेवढी हिंमत झाली नाही, असंही म्हणाला."

हे शेवटचं कुठून सुचलं ते विचारू नकोस. मी तुझ्या आवाजात बोलत होतो, आणि तुझा आवाज माझ्या तोंडून तुझ्यापेक्षा बरा येत होता.

ती खाली वाकून आवळलेलीच दोरी पुन्हा आवळायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं झालं रे. मला वाटायला लागलं होतं, मी इतकी वर्षं कुणाला..." पण दादा, तिचा चेहरा मी पाहिला. आईकडून ते फोनवर ऐकून मी कॉलेजातून धावत आलो तो हा चेहरा बघायला, आणि तो उजळला तुझ्या नावाने. तू काहीच न केलेल्या गोष्टीने.

रविवारी सकाळी टेंपो आला. टेंपोवाला पेटी बघून मागे सरला, "मॅडम, यांना कळतं का ड्रायव्हर कोण आहे?" ती म्हणाली, "हळू चालवलंत तर नाही कळणार." डॉक्टरकाका ओठ सांभाळत फाटकाशी उभे होते, माझ्याशी बोलले नाहीत, पण पेटी चढवताना माझ्या बाजूला हात लावला. जाळीआड माश्या तापल्या होत्या, म्हणून मी तिला सांगितलं, मधे कुठे थांबलात तर सावलीत थांबा, जाळीवर पाणी शिंपड. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी तिने मान हलवली.

बाबांनी रात्री जेवताना कॉलेजचं विचारलं. मी म्हटलं, सरांची भेट घेतो. आईला वाटतंय मी सुधारलो. वाटू दे.

आता तुझ्यासाठी एकच काम आहे आणि ते तुला झेपेल, कारण त्यात काही करायचं नाहीये. तिला फोन करू नकोस. "कशी आहेस", "सहज केला", "चुकून लागला", काही नको. ती ज्या माणसाला मनातून माफ करून गेलीय तो मी उभा केलाय, आणि तो तुझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. तू एक शब्द बोललास की तिला तुमच्यातला फरक कळेल. आणि कधी रस्त्यात ती समोर आलीच, तर मान खाली घालून "हो, मी म्हणालो होतो" एवढंच म्हण. खोटं बोलायला तुला जड जाणार नाही. फक्त या वेळी ते तिच्यासाठी बोल.

पेटीबद्दल आता बघण्यासारखं काही नाही. ती दिली. मी दिली.

तुझ्या वतीने माफी मागून मोकळा झालेला,
तुझा भाऊ