चांदीचं गिधाड

बुधवार, संध्याकाळ

ह्यांनी हौसेने जमवलेली चांदीची पाच नाणी मीच सराफाकडे दिली होती, नातीच्या पैंजणांसाठी. प्रत्येकावर नाहीसा होत चाललेला एकेक जीव. वाघ, गेंडा, माळढोक, खवल्या मांजर, सगळे वितळले. गिधाडाचं नाणं मात्र सराफाने आज परत दिलं. "काकू, लेकराच्या पायात गिधाड कशाला? म्हणून वितळवलंच नाही."

सून म्हणाली, "मम्मी, घरात पण नको. अपशकुनी असतं."

बाकीची चार वितळली म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं का? हे होते तेव्हा कितीदा नाणी दाखवायला यायचे, मी भाजी चिरत नुसतं "हो, हो" म्हणायचे. आज त्या गिधाडाची वाकडी मान बराच वेळ पाहिली. लहानपणी माहेरी, जैनाबादकडे, अशी कितीतरी दिसायची.

सुनेला म्हटलं, "राहू दे घरात. मला आवडलंय ते."