एकच मेसॉन, दोन मोजणारे

३ मार्च
आज जे झालं ते, भावना वगळून:
१. दहाची मीटिंग सव्वादहाला सुरू झाली.
२. गटप्रमुख मॅडमनी जाहीर केलं की आपला मेसॉन हा कण कोणत्या प्रकारे किती वेळा फुटतो, ते प्रमाण दोन जण वेगवेगळ्या पद्धतींनी आणि एकमेकांना न विचारता मोजतील.
३. पहिलं नाव माझं.
४. दुसरं नाव माझ्या नवऱ्याचं. त्याच्या जोडीला आमच्या गटातला लांब्या.
५. लांब्या हसला.
६. दोघांच्या उत्तरांत संगणक एकेक गुप्त आकडा मिसळणार. म्हणजे निकालावर पडदा. मे महिन्यात भर मीटिंगमध्ये तो काढायचा. तोवर खरं उत्तर कोणालाच दिसणार नाही, कारण हवं ते उत्तर दिसलं की माणूस तपासणं थांबवतो.
७. मॅडमनी विचारलं, एका घरात राहून तोंड बंद ठेवणं जमेल का? मी लगेच हो म्हटलं. नवरा जरा वेळाने हो म्हणाला.

स्पर्धा नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी.

४ मार्च
घरचे नियम ठरवले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप एकमेकांना पाठ करून. कामाचा विषय नाही. आज काम कसं झालं, हेसुद्धा विचारायचं नाही, कारण उत्तराच्या सुरावरून माहिती फुटते. नवरा म्हणाला, आपण तसंही फार बोलत नाही. मी म्हटलं, मग सोपंच आहे.

११ मार्च
आईचा फोन. नक्की काय करता ते एकदा नीट सांग म्हणाली. सांगितलं: कण एकमेकांवर आपटतात, त्यातून मेसॉन निघतात, ते लगेच फुटतात, आम्ही तुकडे पाहून ओळखतो की काय फुटलं होतं. आई म्हणाली, "म्हणजे डोळ्यांदेखत फुटतं तेव्हा दिसत नाही, आणि मग तुकडे गोळा करत बसता." मी म्हटलं, ढोबळ मानाने बरोबर आहे. मग तिने जावईबापूंची चौकशी केली. ठीक आहेत म्हटलं. कशावरून, असं विचारलंन. आईला पुराव्याची सवय केव्हापासून लागली कोण जाणे.

१४ मार्च
शिस्त पाळली. दिवसभरात बोललेली वाक्यं: दूध संपलंय. मी आणते.

१९ मार्च
निरीक्षण. नवरा हल्ली फोन घेऊन गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. आधी लॅपटॉप मिटतो. आत आल्यावर चेहरा उतरलेला असतो. पलीकडे लांब्या असणार, दुसरं कोण?

निष्कर्ष: त्याला तोतये छळताहेत. आमची मोजणी मेसॉनच्या तुकड्यांतल्या केऑन नावाच्या कणांवर उभी आहे, आणि पायॉन नावाचे कण केऑनचा वेष घेऊन मोजणीत घुसतात. हाकलले नाहीत तर उत्तर फुगतं. त्याच्याकडे ते मोकाट सुटलेले दिसतात.

वाईट वाटलं. आनंद झाला नाही. तपासून पाहिलं, नाही झाला.

२ एप्रिल
नवऱ्याने सकाळी शर्टाला इस्त्री केली, बुटांना पॉलिश केलं आणि दिवसभर "जरा कामाने" बाहेर होता. आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट फक्त मंत्री भेटीला आले की घालतात. म्हणजे तो संगणक केंद्राच्या प्रमुखांकडे गेला असणार, जादा सिम्युलेशन मागायला. शर्टापर्यंत पाळी आली म्हणजे परिस्थिती बिकट आहे.

मीही जादा सिम्युलेशनचा अर्ज टाकला. स्पर्धा म्हणून नाही. खबरदारी.

९ एप्रिल
महत्त्वाचा दिवस. जेवताना नवरा म्हणाला, रविवारी बाहेर कुठेतरी जाऊ, तुझ्याशी बोलायचंय. मी विचारलं, पडदा निघायच्या आधी बोलायलाच हवं असं आहे का? तो म्हणाला, "तोवर थांबण्यासारखं नाहीये ते."

लगेच ओळखलं. माणूस खचला की त्याला कोणाला तरी सगळं सांगून टाकावंसं वाटतं. तोतयांचा आकडा ओठावर आला होता त्याच्या. मी शांतपणे मॅडमचं एकमेकांना न विचारण्याबद्दलचं वाक्य शब्दश: म्हणून दाखवलं आणि मे महिन्यानंतर हवं तेवढं बोलू असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि ताटं उचलली. माझं अर्धं जेवण व्हायचं होतं.

आज मी एक मोजणी वाचवली. त्याची आणि माझी, दोन्ही.

२० एप्रिल
सासूबाईंचा फोन. नेहमी त्याला करतात, आज मला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "मग तुझं काय ठरलंय?" मी म्हटलं, आत्ताच काही सांगता येत नाही, मे अखेरीला चित्र स्पष्ट होईल. त्या म्हणाल्या, "तोवर तो एकटाच राहणार का तिथे? जेवणाचे हाल होतील गं त्याचे." मी म्हटलं, अहो, आम्ही एकाच इमारतीत काम करतो, दुपारचं जेवण कँटीनमध्येच होतं. मग म्हणाल्या, त्यालाच विचारते.

वय झालं आता त्यांचं. त्याला सांगायला हवं, त्यांना एकदा डॉक्टरांना दाखव म्हणून. हा विषय नियमात बसतो. पण तो घरी आला तेव्हा माझे आलेख चालू होते.

३ मे
नवरा झोपत नाही. वजन उतरलंय. तोतयांनी इतकं पोखरलेलं पाहून मला माझ्याच मोजणीची काळजी वाटायला लागली. यंत्र एक, मेसॉन एक, मग त्याच्याकडे घुसतात ते माझ्याकडे का घुसणार नाहीत?

म्हणून चाळणी बारीक केली. केऑन म्हणवणाऱ्या प्रत्येक कणाला आता दुप्पट कडक परीक्षा. निम्म्या नोंदी गळाल्या. गळू देत. थोडं असावं, पण अस्सल असावं.

मॅडमनी विचारलं, इतक्या उशिरा चाळणी का बदलली? मी म्हटलं, पद्धतीच्या अंगाने तसं आवश्यक वाटलं. नवऱ्याचा चेहरा हे कारण स्लाइडवर लिहिता येत नाही.

१७ मे
पडदा शुक्रवारी. आज नवरा समोर खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "ऐक जरा." मी हाताने थांब अशी खूण केली आणि कानांत इअरफोन घातले. गाणं लावायला सुचलं नाही, नुसतेच घातले. तो काही म्हणाला असता तर ऐकू आलं असतं. थोडा वेळ बसून उठून गेला.

इतकी कडक राहू शकेन असं मला स्वत:लाही वाटलं नव्हतं.

१९ मे
नवरा सकाळी दोन मोठ्या बॅगा घेऊन गेला. कुठे, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. नियम आता इतका अंगात मुरलाय की वेगळे कष्ट पडत नाहीत. दारात "जातो" म्हणाला. घरातून निघताना "येतो" म्हणतात, हे त्याच्या आईनेच मला शिकवलं. शब्दांच्या बाबतीत तो पहिल्यापासून ढिला.

शुक्रवारच्या मीटिंगला तोंड देववत नाही, हे उघड आहे. हरणाऱ्याने मैदान सोडावं हे मला पटत नाही, पण मी त्याला त्याबद्दल काही बोलणार नाही. निकालानंतरही नाही. मोठेपणा ठेवीन.

२२ मे
सकाळी: माझा निळा शर्ट. इस्त्री केली.

दुपारी:
आधी माझा पडदा निघाला. उत्तर आजवरच्या मोजमापांपेक्षा खूप खाली. इतकं खाली की हा योगायोग म्हणता येईना. पाठ्यपुस्तकातला एखादा परिच्छेद माझ्यामुळे बदलणार, असं मला वाटलं. लांब्याला त्याची स्लाइड उघडायला जितका वेळ लागला तितका वेळ वाटलं.

नवऱ्याचं उत्तर लांब्याने दाखवलं. आजवरच्या मोजमापांच्या बरोबर मधोमध, माझ्यापेक्षा निम्म्या अनिश्चिततेने. तोतये किती घुसले असं मी विचारलं. लांब्या म्हणाला, "नगण्य. त्यांचा बंदोबस्त त्याने फेब्रुवारीतच करून ठेवला होता. एप्रिलच्या सुरुवातीला सगळं संपवून फाइल माझ्या हवाली केली, तेव्हापासून आम्ही हातसुद्धा लावला नाही."

मग मॅडमनी नवऱ्याचे आभार मानले. म्हणाल्या, इतकी वर्षं गटात होता, आता परगावच्या स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीत गेलाय, दवाखान्यांच्या कामाला येईल ते, आपल्यापेक्षा उपयोगी. लोक हसले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कधी निघताय? का इथलीच मुदत पूर्ण करणार?"

मी म्हटलं, अजून ठरायचंय. आवाज नीट आला. लांब्या माझ्याकडे बघत होता. आज तो हसला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. मागे रिकाम्या खोलीत घुमतो तसा आवाज घुमत होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "दोनदा आलो सांगायला. दोन्ही वेळा तू मला नियम दाखवलास."

मी म्हटलं, तो नियम मोजणीपुरता होता, मोडून सांगायचंस.

"मी तुला चल म्हणणार होतो. हाताने थांब म्हणणाऱ्या माणसाला कसं म्हणायचं ते?"

मग म्हणाला, आईला वाटतंय की तू आपणहून यायचं नाकारलंस, तिला खरं काय ते मी सांगेन. मी म्हटलं, सांग. लाइन स्वच्छ होती. आणखी काही बोलायला तांत्रिक अडचण नव्हती.

२५ मे
चूक सापडली. चाळणी बारीक केली तेव्हा तोतयांबरोबर खरे केऑनही जास्त गळणार, हे कोणालाही कळतं. किती गळाले ते नव्याने मोजून तितकी भर घालायला हवी होती. मी जुन्या चाळणीचाच आकडा ठेवला. दुरुस्त केल्यावर माझं उत्तर त्याच्या उत्तरावर जाऊन बसलं. चाळणीला हात लावला नसता तर पहिल्यापासून तिथेच असतं.

त्याला सविस्तर मेल लिहिली, आलेखांसह. चूक कुठे होती ते कळलं की गैरसमज राहायचं कारण नाही. आज रात्रीपर्यंत उत्तर येईल.

२६ मे
नवीन नोकरी आहे. कामात असेल.

२९ मे
उत्तर आलं. अख्खं उतरवते: "चूक छान शोधलीस. मॅडमना कळव."

मॅडमना कळवलं होतं.

३ जून
लांब्या माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, वहिनी, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे आणि पटलेलं नाही, म्हणून मी कधी विषय काढला नाही. याआधी त्याने मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे. मग विचारलं, तो गॅलरीतून फोन कोणाला करायचा? तुलाच ना? म्हणाला, नाही हो, मला नाही. आधी नव्या कंपनीला, मग घर बघून देणाऱ्या एजंटला असेल. दोघांना पुरेल असं घर तिथे मिळत नव्हतं त्याला.

५ जून
कालपासून मेल लिहितेय. पहिल्या मसुद्यात त्याच्या चुका होत्या, दुसऱ्यात माझ्या, तिसऱ्यात दोघांच्या, टक्केवारीसह. सगळे पुसले. आत्ता पाठवली ती अशी:

घरातल्या वस्तूंबद्दल ही मेल नाही. मॅडमनी माझी मुदत डिसेंबरपर्यंत धरली आहे, त्याआधी सोडायची असेल तर मला या महिन्यात सांगावं लागेल. मी तिकडे यावं असं तुला अजून वाटतं का, ते मला माहीत नाही. अंदाज बांधून पाहिला, पण तुझ्याबद्दलचे माझे अंदाज सध्या वापरण्यासारखे नाहीत. कारणं लिहू नकोस. हो किंवा नाही, एवढंच लिही. शुक्रवार, १२ जूनपर्यंत कळव.