नाव न घेतलेला पितर

अखाजी (अक्षय्य तृतीया), १९९६. लिंबायत, सुरत.

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरची ही पहिली अखाजी, म्हणून पितरांची घागर आज मी भरली. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं, म्हणजे त्याला पाणी पोचतं. दादांचं घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं घेतलं. खापरपणजोबांसाठी बोट कुंकवात बुडवलं, तर आईनं मनगटच धरलं.

मारामारीत माणूस मेला म्हणून त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. मुंबईहून बोटीत घातलं, पुढं काहीच कळलं नाही. अंदमानला पोचले की वाटेतच गेले? वाचनालयातल्या पुस्तकात त्या बोटींबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तळाशी बेड्या घालून कोंबलेली माणसं, चहूकडे समुद्र आणि प्यायला मोजकंच पाणी. वाटलं, निदान आज तरी द्यावं. यात माझं काय चुकलं?

आई म्हणाली, "त्यानी खबर ऊनी नही. खापरपणजी कुकू लाईसनच मरनी. तू आज तिनं कुकू पुसशी का?"

ते गेल्याची खबर कधी आलीच नाही, म्हणून खापरपणजी शेवटपर्यंत सवाशीणच राहिली. इतकी वर्षं कुठला माणूस जगतो, हे आईलाही कळतं. तरी बोट उंबऱ्याला लावलं नाही.

बोटावरचं कुंकू आता वाळलंय. धुवायला मोरीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. त्यांना पाणी द्यावं तर ती विधवा होते. नाही द्यावं, तर ते अजून त्या बोटीतच आहेत.