तीन नंबरच्या मशीनचा कार्बन

सर, "बोटायकडे पाहशील तं बोटं तोडीन," हे तुम्ही मला उद्देशून म्हटलेलं पहिलं वाक्य. मी खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते. जठारपेठेतली ती पत्र्याची खोली, टायपिंगची पाच मशीन आणि प्रत्येक मशीनच्या कळांवर सुताराकडून करवून घेतलेला एकेक उलटा लाकडी खोका. दोन्ही हात खोक्याखाली घालायचे, नजर समोरच्या कागदावर ठेवायची आणि न बघता टाईप करायचं. मान थोडी जरी वाकली तरी तुमचा शिसवी रूळ खोक्याच्या फटीतून आत यायचा आणि नेमका बोटाच्या पेरावर बसायचा. क्लासातली मुलं त्या रुळाला सासू म्हणत. बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारत, "काय बे, आज सासूनं कोनाले जेवू घातलं?" बहुतेक दिवशी उत्तर मीच असे. आत्याच्या घरी भाकरी मोडताना बोटं वळत नसत. आत्या म्हणायची, "तुह्या मास्तरले मशीनीचा राग आहे का बोटायचा?" मी हसत असे, पण मला तुमची भयंकर भीती वाटायची. एकदा दुसऱ्या एका मुलाचा कागद तुम्ही मशीनमधून ओढून फाडला आणि चुरगळून त्याच्या तोंडात कोंबला होता. ते मी विसरलेले नाही, आणि तुमच्याबद्दल गोड काही लिहायचं म्हणून ते लपवणारही नाही.

आज तुमची आठवण येण्याचं कारण अगदी साधं आहे. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तक्त्यातली ही उभी रेघ कशी काढली? पट्टीने तर नाही वाटत." मी तिला दाखवलं. कागद मशीनमधून काढायचाच नाही. कागद धरणाऱ्या पत्र्याच्या खाचेत पेन्सिलीचं टोक टेकवायचं आणि रोलर फिरवायचा. रेघ अशी सरळ येते की वाटावं, मशीननेच काढली. मग मथळा मधोमध कसा आणायचा तेही दाखवलं. मध्यावर यायचं आणि मथळ्याच्या दर दोन अक्षरांमागे एकदा मागे सरकायचं, मोजमाप नाही, खाडाखोड नाही. पानाच्या तळाशी किती जागा उरली ते कळावं म्हणून कडेला आधीच पेन्सिलीची बारीक खूण करायची. झिजलेला कार्बन उलटा फिरवला की वरची कोरी जागा खाली येते आणि तो पुन्हा आठ दिवस चालतो. मुलगी म्हणाली, "कित्ती सोपं आहे हो! कुणी शिकवलं तुम्हाला?" सर, मी तिला तुमच्याबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि माझी बोटं आपोआप मिटली, मूठ वळल्यासारखी. पंचवीस वर्षं होत आली, अजून मिटतात.

तो अर्ज आठवतो ना? आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षं झाली होती. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात वस्तीतल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढणं बंद केलं, तर पाटलाच्या माणसांनी विहिरीवर काटे टाकले, दोन घरं पेटवली आणि मध्ये पडलेल्या माझ्या बाबांचा खांदा काठीने फोडला. जिल्हा कचेरीत अर्ज द्यायचा होता. हाताने लिहिला तर अक्षर ओळखू येईल म्हणून बाबा तुमच्याकडे आले होते, गळ्यात हात बांधून. तुम्ही त्यांना बसायला तुमची खुर्ची दिली, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणालात, "तूच कर. तुह्या घरचं दुखनं, तुह्याच हातानं जाऊ दे. पन एक चूक झाली तं तुह्या बापासमोर मारीन."

मी तीन नंबरच्या मशीनवर बसले. एक मूळ प्रत, खाली दोन नकला, मध्ये दोन कोरे कार्बन. जळालेल्या घरांची नावं, मारणाऱ्यांची नावं, शेवटी अंगठे देणाऱ्या अकरा जणांची नावं. माझे हात थांबले नाहीत. संपल्यावर तुम्ही कागद उजेडाकडे धरून वरून खालपर्यंत वाचलात, परत वाचलात आणि बाबांच्या हातात दिलात. शाबासकी नाही आणि रूळही नाही. मग आवाज खाली आणून म्हणालात, "कोऱ्या कार्बनवर सगळं जसंच्या तसं उमटते. उजेडात धरलं का कोनीबी वाचते. हे ठेवायचे नाई." एक कार्बन तुम्ही स्वतः बाहेर चहाच्या शेगडीत टाकलात. दुसरा मला दिलात. थोड्या वेळाने विचारलंत, "जाळला काय?" मी म्हटलं, "हो सर."

पुढच्या आठवड्यात पोलीस गावात चौकशीला गेले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी दुपारी गावातले तिघे जण क्लासात आले. पुढे होता तो आमच्या पाटलाचा जावई. तहसिलीत कारकून होता, बढतीसाठी टायपिंग शिकायला तुमच्याकडेच सकाळच्या तुकडीत यायचा आणि तीन नंबरच्याच मशीनवर बसायचा. त्याच्या हातात कार्बनचा कागद होता. त्याने तो खिडकीसमोर धरला आणि माझ्या बाबांचं नाव मोठ्याने वाचलं. बाकीच्या दोघांच्या हातात काठ्या होत्या. क्लासातली मुलं भिंतीला चिकटली.

"हे या पोरीचं काम आहे, मास्तर," तो म्हणाला. "तिले बाहेर पाठवा. तुमच्याशी आमचं भांडन नाई."

तुम्ही हसलात. मी तुम्हाला हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "हिचं? अरे बाबू, तू तं माह्याच हाताखाली शिकून राहिला. तो कागद वाच. एक तरी चूक आहे काय त्याच्यात? या क्लासात बिनचूक टाईप कोन करते माह्याशिवाय? तूबी नाई आन हे तं नाईच नाई. अर्ज म्या केला."

"मंग बसवा तिले. आमच्यासमोर टाईप करू द्या."

तुम्ही मला तीन नंबरवर बसवलंत आणि मजकूर सांगायला सुरुवात केलीत. आवाज नेहमीचाच, करडा, सपाट. मला समजायला दोन शब्द गेले. तिसऱ्या शब्दाला मी मुद्दाम चुकले. चौथ्याला पुन्हा चुकले. सर, बिनचूक टाईप करायला मी वर्षभर मार खाल्ला होता, पण त्या दुपारी चुकणं त्याहून अवघड होतं. बोटं आपोआप बरोबर कळेवर जात होती आणि मी त्यांना ओढून दुसरीकडे नेत होते. एक सबंध ओळ बरोबर आली. त्याच क्षणी तुमचा रूळ खोक्यात घुसला. असा तुम्ही कधीच मारला नव्हतात. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या नखाखालून रक्त आलं. "वर्ष झालं! वर्ष झालं तरी ढोरावानी बडवून राहिली मशीन!" तुम्ही ओरडत होतात. त्यानंतर मला चुकायला कष्ट पडले नाहीत, बोटं माझी उरलीच नव्हती. जावयाने कागद मशीनमधून खेचून पाहिला आणि बाजूला टाकला.

"बरं. मंग तुमचाच हात द्या, मास्तर."

त्यांनी तुमचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. जावयाने तीन नंबरचं मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि त्यावर सोडलं. एकदा सोडून त्याचं भागलं नाही. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा घंटीचा आवाज झाला, ओळ संपताना होतो तसा बारीक. हाडांचा आवाजही मी ऐकला. तुम्ही मात्र ओरडला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुमच्या डोळ्यांत मला एकच गोष्ट दिसत होती की मी हलायचं नाही. मी हलले नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन, रक्त ओढणीला पुसत, बसून राहिले.

दवाखान्यात मी आत्याबरोबर आले. तुमचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये होता. आत्या पदर तोंडाला लावून रडायला लागली तर तुम्ही तिच्यावरच खेकसलात, "अवो बाई, मी मेलो नाई. रडाले खूप टाईम आहे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "शेगडी इझत आली होती त्या दिवशी. म्या टाकलेला कार्बन नीट जळला नसन. कोनं तरी उचलला. म्या पाहाले पायजे होतं." मी तुमच्या पांघरुणाची किनार बघत उभी राहिले.

त्यानंतर तुमची तीन बोटं कधी वळली नाहीत. खटला झाला, चालला, साक्षीदार फिरले. गावातली विहीर मात्र उघडली, कारण तोवर अर्ज पोचला होता. तुम्ही तोंडी शिकवू लागलात. रूळ खिडकीच्या चौकटीवर पडून असे आणि नवीन मुलांना तो तिथे कशाला ठेवलाय तेही माहीत नव्हतं. मी परीक्षा पास झाले, अमरावतीला नोकरीला लागले. पहिल्या सुट्टीत शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन आले, तेव्हा तुम्ही एका हाताने सोलायला लागलात आणि जमेना. मी सोलून पुढे केलं तर रागावलात, "बोटायकडे नको पाहू." त्या दिवशी सांगायचं असं ठरवून आले होते. सांगितलं नाही. त्यानंतर पाच वर्षांनी काविळीने तुम्ही गेलात. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून आता सांगते. तुमचा कार्बन नीट जळला होता, सर. त्यांच्या हाती लागला तो माझा होता. आमच्या घरात काडीपेटीतली काडीसुद्धा अर्धी चिरून वापरत. एकदाच वापरलेला, नवाकोरा, चकचकीत कार्बन शेगडीत टाकायला माझा हात झालाच नाही. सरावाला होईल म्हणून मी तो वहीत घातला, वही तीन नंबरच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि तुम्हाला म्हटलं, हो सर, जाळला. माझ्या शब्दापुढे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवलात. दुखऱ्या हातासाठी वर्षानुवर्षं विझत्या शेगडीला दोष देत राहिलात. कधीकधी वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी म्हणते.

हा कागद मी मशीनवर टाईप करते आहे, खाली कार्बन नाही. एकच प्रत, आणि ती कुठे जायची नाही. वाचून पाहिला, एकही चूक नाही. तरी एक मागते. त्या दुपारी मी ज्या चुकांचा मार खाल्ला त्या मी मुद्दाम केल्या होत्या. खऱ्या चुकीचा मार अजून बाकी आहे. खिडकीवरचा रूळ घ्या, डाव्या हाताने घ्या, आणि एकदा मारा. मी बोटं पुढे केली आहेत, सर, आणि त्यांच्याकडे बघत नाही.