गोळे मोडेपर्यंत ढवळावे

दर्यापूर,
१२ डिसेंबर १९६४

आदरणीय भागीरथा आत्यास,

जानरावचा सविनय जयभीम, आणि शालूचाही. (पूर्वी मी 'तीर्थरूप' लिहीत होतो. आता तीर्थांचं आणि आपलं फाटलं, म्हणून 'आदरणीय'. मान तेवढाच आहे, मापात घट नाही.)

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडी पडली आहे, तेव्हा ते दुखत असणारच, आणि तुम्ही निर्गुडीच्या पाल्यानं न शेकता 'दुखणं आपोआप राहीन' म्हणत असणार, हेही नक्की. म्हैस व्याली का? देवमनभाऊची एसटी वेळेवर सुटते का? हे विचारणं म्हणजे खरं तर त्याचा अपमान आहे. ज्या कंडक्टरनं स्वतःच्या सासऱ्याला, तो फाट्यावर छत्री हलवत पळत येत असताना, घंटी मारून मागे सोडलं, त्याला वेळेबद्दल मी काय विचारणार? हे पत्र नेहमीप्रमाणे तोच तुम्हाला वाचून दाखवत असेल. (देवमन, कंसातला मजकूर तुझ्या एकट्यासाठी आहे. आत्याला वाचून दाखवू नकोस.)

आमच्याकडे सर्व खुशाल आहे. तुम्हाला माहीतच आहे की शालू इथल्या ब्लॉकात ग्रामसेविका आहे. खेड्यापाड्यांत जाऊन बायांना कमी वेळात, कमी पैशात, घरच्या सगळ्यांना पुरेल असं पौष्टिक जेवण करायला शिकवणं हे तिचं काम. त्यासाठी सरकारनं तिला एक स्टोव्ह, एक पातेलं आणि कापडावर चिकटवलेला एक तक्ता दिला आहे. तक्त्यावर अंडं, दूध, मासा, डाळ यांची चित्रं आहेत आणि खाली एक हसणारं कुटुंब ताटांवर बसलं आहे. बाहेर अजून ऊन दिसतं आणि नवरा-बायको दोघंही घरी आहेत, तेव्हा हे कुटुंब दर्यापूर तालुक्यातलं नाही, एवढं मी लिहून देतो. सरकारचं म्हणणं, आहारात प्रथिनं पाहिजेत. प्रथिनं म्हणजे काय ते मलाही शालूनंच सांगितलं. ती डाळीत, अंड्यात, दुधात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण नसली की पोरांच्या हातापायांच्या काड्या होतात. (देवमन, थोडक्यात, आपण दोघं लहानपणी होतो तसं.)

आता हे सगळं तालुक्याला शिकवून बाई शेवटच्या एसटीनं आठाला घरी येते, आणि मी तहसील कचेरीत लोकांच्या कागदांच्या नकला उतरवून सातला. त्यामुळे आमचं रात्रीचं जेवण दोनच प्रकारचं होतं. प्रात्यक्षिक नसेल त्या दिवशी मुरमुरे, कच्चा कांदा आणि तेल-तिखट. प्रात्यक्षिक असेल त्या दिवशी पातेल्यात उरलेलं थंडगार सरकारी अन्न. ते उरतं कसं, असं तुम्ही विचाराल. पाटीलपुऱ्यातल्या बाया अगदी पुढे बसून शिकतात, माना डोलावतात, 'लय बेस सांगता बाई' म्हणतात. चव घ्यायची वेळ आली की एकीचा उपास निघतो, दुसरीची दाढ ठणकायला लागते, तिसरीला लेकरू रडल्याचं ऐकू येतं. शालूनं शिकवलेलं चालतं, शालूच्या हातचं चालत नाही. मग मागून आपल्या वस्तीतल्या आठ-दहा जणी उठतात, दोन-दोन घास खातात, आणि रिपोर्टात लिहिलं जातं : उपस्थित चाळीस, सर्वांस पसंत पडले. उरलेलं आमच्याकडे येतं. म्हणजे विटाळामुळे का होईना, आमच्या घरात आठवड्यातून दोन दिवस प्रथिनं येत होती, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्या लग्नात तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला होता की नोकरीवालीच्या चुलीत मांजर व्याते. आत्या, तेही झालं. मागच्या पावसाळ्यात तीन पिलं झाली. मांजर आमचं नसून शेजारच्या चतुराबाईंचं होतं, एवढाच आमचा बचाव.

तर दिवाळीपूर्वी शाळेत नर्सबाईनं पोरांची वजनं केली आणि आमच्या बेबीचं नाव कमी वजनाच्या यादीत आलं. यादी ब्लॉकात गेली, तिथून अमरावतीला. अमरावतीला ज्या निरीक्षक बाई आहेत (मूळच्या पुण्याच्या, चष्मा लावतात, 'काय हो' असं म्हणतात की माणूस जागच्या जागी गुन्हा कबूल करतो), त्यांनी बरोबर त्याच नावावर बोट ठेवलं. ज्या सेविकेची स्वतःची पोर हडकुळी, ती तालुक्याला काय शिकवते? शालूला कायम करण्याचा कागद नेमका याच बाईंच्या टेबलावर होता. बाईंनी कळवलं की गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन तुमचं रोजचं साधं जेवण पाहीन, पाहुणचार करू नये. आत्या, पाहुणचार मागितला असता तर चार घरी हात पसरून केला असता. रोजचं जेवण दाखवायचं म्हणजे मुरमुरे दाखवायचे. शालू रडणारी बाई नाही, हे तुम्ही जाणता. त्या दिवशी तक्ता गुंडाळता गुंडाळता ती रडली. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, पण राग काढण्याजोगं घरात कोणी नव्हतं, म्हणून मी तो मुरमुऱ्यांच्या डब्यावर काढला.

ठरलं असं की गुरुवारी शालू प्रात्यक्षिक उरकून पाचच्या आत परत येणार आणि अंड्यांचा रस्सा, मुगाचं वरण, भात करणार. मी चतुराबाईंकडून सहा अंडी आणून टोपलीत ठेवली. आमचा धर्मपाल तीन वर्षांचा आहे. कोंबडी अंड्यांवर बसली की पिलं होतात, हे त्यानं चतुराबाईंच्या अंगणात पाहिलं होतं. तो बसला. मी कचेरीतून तासभर आधी सुटून घरी आलो, तेव्हा तो टोपलीत अत्यंत शांतपणे पिलांची वाट पाहत होता. त्याला धुऊन काढतो न काढतो तोच निरोप आला की शालूची एसटी वाटेत बंद पडली आहे. आणि निरोप्याच्या मागोमाग जीप.

बाईंना बाहेर खुर्चीवर बसवलं, बेबीला त्यांच्याशी बोलायला ठेवलं (ही चूक होती), आणि मी आत गेलो. मुगाच्या डब्यात चार दाणे, बाकी घरात तांदूळ आणि घाम. भिंतीवरून चतुराबाईंनी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा दिला, आणि आत्या, मला तुमचा गोळाभात आठवला. चांदूर बाजारच्या शाळेत होतो ती पाच वर्षं मी तुमच्या चुलीपुढे बसून तो होताना पाहिला आहे. पण मी खाणाऱ्याच्या नजरेनं पाहत होतो. खाणाऱ्याला आधी भरडा दिसतो, नंतर गोळे दिसतात. मधे तुमचे हात काय करत होते, ते मला मेल्याला आठवेना.

स्टोव्हला पिन मारण्यात दहा मिनिटं गेली. भरड्यात मीठ, हळद, तिखट, ओवा घातला. तेलाचं मोहन घालतात, हे मला आता माहीत आहे. गोळे वळले. एक लिंबाएवढा, एक संत्र्याएवढा, बाकीचे मधले. भातात पाणी चुकून विहिरीच्या मापानं पडलं होतं, त्यात ते सोडले. ते खाली लागतील या भीतीनं मी ढवळायला लागलो. चतुराबाई भिंतीवरून पाहत होत्या. त्या ओरडल्या, "अरे, काहून ढवळून राह्यला? गोळे हायेत ते! तुह्या आत्यानं पाह्यलं तं याच चाटूनं हाणन तुले!" मी पाहिलं तर गोळे नव्हतेच. पिवळा, घट्ट, वाफाळणारा असा एक पदार्थ पातेल्यात होता, ज्याला आजवर कोणी नाव दिलेलं नाही. त्यावर हिंग, मोहरी, लसूण आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी ओतली, कारण फोडणीखाली पुष्कळ पाप झाकतं, आणि ताटं मांडली.

बाई म्हणाल्या, "हे काय हो?"

मी म्हणालो, "गोळाभात."

त्यांनी चमच्यानं इकडेतिकडे शोधलं. म्हणाल्या, "आणि गोळे?"

आत्या, मी नकलनवीस माणूस. मला खोटं उतरवायची सवय आहे, बोलायची नाही. तरी तोंडातून आलं, की बेबी डाळीचे गोळे बाजूला काढून ठेवते, म्हणून शालू ते मुद्दाम मोडून टाकते, मग प्रथिनं सुटत नाहीत. त्यावर बेबी म्हणाली, "बाबानं आज पयल्यांदाच केलं. आमी तं मुरमुरे खातो." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, मुलं किती कल्पक असतात! मग त्या जेवायला लागल्या. ना त्यांना उपास होता, ना त्यांची दाढ दुखत होती. आमच्या घरात, आमच्या ताटात, माझ्या हातचं दोन वेळा मागून जेवल्या. सकाळपासून चार गावं फिरल्या होत्या आणि पोटात नुसता चहा होता. तालुक्याला, जिल्ह्याला जेवण शिकवणाऱ्या बायांना स्वतः जेवायला मिळत नाही, असा त्या खात्याचा नियमच दिसतो. मला त्यांची दया आली.

आठ वाजता शालू कापसाच्या गाडीवर बसून आली, केसांत कापूस, हातात पातेलं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. अर्ध्या तासात, एका पातेल्यात, चार आण्यांत, आणि मुलं बोटं चाटतायत! हे रिपोर्टात का लिहिलं नाही? शालूनं पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. जीप गेल्यावर म्हणाली, "तुमी माही नोकरी वाचवली का बुडवली, तेच समजून नाही राह्यलं मले." आमच्या पातेल्यात तिच्यापुरतं काही उरलं नव्हतं, आणि त्या दिवशी नेमकं तिच्याही पातेल्यात नव्हतं. तिनं मुरमुरे खाल्ले.

गेल्या आठवड्यात अमरावतीहून छापील परिपत्रक आलं. 'पौष्टिक डाळभात, वऱ्हाडी पद्धत.' त्यात कलम चार : भरड्याचे गोळे करून भातात सोडावेत व ते पूर्ण मोडेपर्यंत ढवळावे. मोडायचेच आहेत तर गोळे करावेच कशाला, असं अमरावतीत कोणी विचारलं नाही. शालूनं जिल्ह्यात पाच ठिकाणी हा पदार्थ करून दाखवायचा. पाचही ठिकाणी बायांना पसंत पडला तर ती कायम, नाही तर मार्चअखेर घरी. घरी मात्र त्या गुरुवारपासूनच मी रोज संध्याकाळी तोच करतो. कचेरीत मला गोळेसाहेब म्हणतात. बेबीचं वजन मात्र पाऊण किलो वाढलं, त्यामुळे मला परिपत्रकाला नावं ठेवता येत नाहीत.

बाकी विशेष काही नाही. पत्र लिहायला तसं काही कारणही नव्हतं, नुसती तुमची आठवण आली. गुडघे शेकत जा.

तुमचा,
जानराव

ता. क. पाचांपैकी पहिलं प्रात्यक्षिक बुधवारी, २३ तारखेला दुपारी, तुमच्याच गावी शाळेच्या ओसरीवर आहे. तुमच्या गोळाभातासाठी लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतात, हे मी जाणतो. तरी हात जोडून विनंती की तुम्ही पुढे बसावं, आणि शालू गोळे मोडत असताना तोंडातून ब्र काढू नये. अगदीच पाहवलं नाही तर डोळे मिटून घ्यावेत. लोकांना वाटेल वंदना चालू आहे.

ता. क. २. चव घ्यायची वेळ आली की पहिला घास तुम्ही घ्यावा आणि 'बेस झालं' असं मोठ्यानं म्हणावं. तुम्ही उठलात की आपल्या वस्तीतली एकही मागे राहणार नाही. निरीक्षक बाई समोर असतील. बाकीच्यांच्या दाढा त्यांना पाहू द्या.

ता. क. ३. देवमन, कंसातलं सगळं तू वाचून दाखवलं आहेस, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. आता हेही वाच, आणि नीट वाच. आत्या, शालू दहाव्या वर्षापासून अकोल्याच्या बोर्डिंगात राहिली. रांगेत उभं राहून जेवली, मग नोकरीत उभ्यानं. साबूत गोळ्यांचा गोळाभात तिनं आजवर खाल्लेलाच नाही. प्रात्यक्षिक संपलं की तिला घरी न्या, पाट टाका, आणि तुमच्या हातचे चार गोळे गरम भातावर वाढा, वरून हिंगाचं तेल. शिकवू मात्र काही नका. दिवसभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईला संध्याकाळी नुसतं वाढावं. परतीची शेवटची गाडी देवमनचीच आहे. भाऊ, तुझ्या सासऱ्याची शपथ, तिचं ताट पूर्ण होईपर्यंत घंटी मारू नकोस.